ओळ ज्याची त्याची

सोमवार, ४ मार्च

फोन चहात पडला. पडला म्हणजे — स्वतःच गेला. टेबलावर थरथरत थरथरत कडेला सरकला आणि बशीत उतरला. मी बघत होतो. हात पुढे केला नाही. वाटलं, जाऊ दे एकदाचा.

निघाला जिवंत. पुसतोय तोवर पुन्हा थरथर. "आम्हाला विसरलात का?" — भाजीवाल्या ॲपचा प्रश्न. कितीतरी दिवसांत तिथून एक कांदा मागवला नाही, म्हणून ही माया. सख्ख्या बहिणीने कधी इतकं विचारलं नाही.

चालणं मोजणारं ॲप म्हणतं, आज तुम्ही मागे पडलात. कुणाच्या, ते सांगत नाही. मग फोटोंचं — "याच दिवशी, सहा वर्षांपूर्वी" — आणि आमची ही! खिडकीत बसून शेंगा सोलतेय, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. मी नुसता चहा प्यायला बसलो होतो. कुणी मागितली होती आठवण?

पूर्वी दाराची कडी वाजली की बाहेर कोणीतरी उभं असायचं. आता वाजतं, आणि कोणी नसतं.

मंगळवार, ५ मार्च

मुलीला फोन केला. तिने तिकडून शिकवलं, मी इकडे बोटं चालवली.

"बाबा, नोटिफिकेशन आलं की ते नुसतं उडवू नका. त्याच्यावर बोट दाबून धरा."

"धरलं. आता?"

"बंद करा असं लिहून येईल. एकेकाला विचारायचं, तू का बोलतोस? उत्तर पटलं नाही की गप्प."

दुपार त्यात गेली. भाजी गप्प. बातम्या गप्प. चालणं गप्प — मी मागेच बरा. काही ॲपं बेरकी निघाली. आत आणखी पोटभेद — ऑफर वेगळ्या, सूचना वेगळ्या, "तुमच्यासाठी खास" वेगळं. एक दार लावलं की खिडकीतून आत. फोटोंच्या आठवणींपाशी अंगठा थांबला. शेवटी त्याही बंद केल्या. तिला बघावंसं वाटेल तेव्हा मी बघेन. गेल्यावर तिने असं मधेच यायचं नाही.

शेवटी मुलगी म्हणाली, "तुमच्या वर्गाचा ग्रुप मात्र वाजू दे हं."

"सगळ्यांत जास्त तोच वाजतो."

"बाबा, तुम्ही एकटे राहता. वाजू दे."

बुधवार, ६ मार्च

घर शांत. पुस्तकांचा खण उघडला, चौथीचं वाचनाचं पुस्तक काढलं. पानांना अजून दप्तराचा वास आहे, का मलाच येतो कोण जाणे.

आमच्या वर्गासारखी हजेरी कुठल्याच वर्गात नव्हती. मास्तरांनी स्वतः एक कविता रचली होती — कुठे छापली नाही, फळ्यावर जन्मली आणि आमच्या तोंडात राहिली. ओळी सोळा, मुलं सोळा. नाव पुकारायचं नाही. पहिल्याने पहिली ओळ म्हणायची, दुसऱ्याने दुसरी. कोणी आलेलं नसलं की कविता तिथे लंगडायची, आणि सगळा वर्ग त्या रिकाम्या जागेकडे बघायचा.

डोंगरामागे दिवा लागला — ही मॉनिटरची.
वाटेवरती धूर जागला — माझ्या बाकावरच्या भोपळ्याची. (गणितात त्याला दुसरं काही मिळालंच नाही.)
विहिरीवर दोर बोलला — पुढच्या बाकावरच्या वेणीची.
दाराने हळू डोळा खोलला — माझी.

मॉनिटरने आम्हाला म्हातारपणी पुन्हा शोधून काढलं आणि ग्रुपवर तीच हजेरी सुरू केली. उरलोत सात जण. सकाळी सातला तो पहिली ओळ लिहितो, मग ज्याची त्याची. दहापर्यंत ओळ आली नाही की त्याचा फोन. फोन उचलला नाही की शेजाऱ्यापाजाऱ्यांना. बहुतेकांच्या घरी दुसरं माणूस नाही. गेल्या वर्षी वेणी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ओरडायला आवाज फुटेना. तिची ओळ आली नाही म्हणून ती आज आहे.

हे सगळं खरं. पण ओळीनंतर दिवसभर जे येतं — फुलं, सुविचार, गुडघ्यांवरचे उपाय, पुन्हा फुलं! एकाला पाठवलेलं दुसरा परत पाठवतो.

ग्रुप गप्प केला. रोज सकाळी आपण होऊन उघडून बघेन.

शनिवार, ९ मार्च

विसरलो. वाचत बसलो होतो. मॉनिटरचा फोन.

"ओळ कुठाय?"

"अरे, राहिली."

"इकडे मी तुझ्या मुलीचा नंबर काढून बसलोय. बाकावर उभा राहा."

"गुडघे..."

"गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. ओळ म्हण."

म्हटली. फोनवर, मोठ्याने, या वयात. तो ऐकून घेतो, मग एक हुंकार देतो — मास्तर द्यायचे तसाच. लग्न केलं नाही त्याने. म्हणतो, एक वर्ग सांभाळला तेवढा पुरे.

सोमवार, ११ मार्च

चार्जरची पिन हलत होती म्हणून कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. बोलता बोलता ग्रुपचं सांगितलं. वाजलं तर त्रास, नाही वाजलं तर विसर.

"काका, त्यात काय! मी रोज सकाळी गिऱ्हाइकांना 'दुकान उघडलं आहे' पाठवते, तेव्हा मी अंथरुणात असते. फोनच पाठवतो. एकदा वेळ लावून ठेवायची."

लावून दिलं. आधी मॉनिटरची ओळ येते, म्हणून मी सातनंतर थोडी जागा सोडली.

मंगळवार, १२ मार्च

उठून बघतो तो माझी ओळ गेलेली. वाचताना कसंसंच झालं. कुणी तरी माझ्या आवाजात बोललं.

शुक्रवार, १५ मार्च

भोपळ्याला सांगितलं. तो गावाच्या पलीकडच्या टोकाला राहतो, एका कानाने कमी ऐकतो, हृदयाच्या गोळ्या चालू. म्हणाला, "मलाही करून दे. सकाळी डोळ्यांत थेंब घालतो, अक्षरं दिसत नाहीत. कालच 'धूर' ऐवजी भलतंच लिहून बसलो, मॉनिटरने पंधरा मिनिटं शिव्या घातल्या."

जाऊन करून दिलं. त्याच्या फोनवरचा कलकलाटही आवरला. जाताना म्हणाला, "वेणी पण विचारत होती रे."

मंगळवार, १९ मार्च

आज कविता कशी आली! एकामागून एक, न चुकता, जशी मास्तरांसमोर यायची. गेलेल्यांच्या जागा सोडल्या तर कुठे अडखळ नाही. मॉनिटरने खाली लिहिलं आहे — शाबास, वर्ग सुधारला.

मी फक्त भोपळ्याला आणि वेणीला लावून दिलं. बाकीच्यांना कोणी शिकवलं?

गुरुवार, २१ मार्च

मॉनिटरचा फोन. आवाज खाली.

"काल दुपारी मी ग्रुपवर काय लिहिलं?"

मी ग्रुप उघडून बघायला लागलो.

"लिहिलं होतं, प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून काय दिसतं ते एका वाक्यात सांगा. कालपासून एकाचंही उत्तर नाही. आणि आज सातला सगळे तालात हजर. तू शिकवलंस ना?"

"दोघांनाच. बाकीचे एकमेकांकडून..."

"अरे, ओळ म्हणायची म्हणजे जिवंत असल्याची खूण होती ती. कविता पाठ आहे का, हे मला बघायचं नव्हतं."

मी म्हटलं, चुकलं, आज सगळ्यांना काढायला सांगतो. तो हसला — ते हसू मला आवडलं नाही.

"काढू नकोस. मलाही शिकव. मी एकट्यानेच जिवंत कशाला राहायचं?"

नाही म्हणून बघितलं. ऐकेना. शेवटी फोनवरच एकेक पायरी सांगितली. झाल्यावर म्हणाला, "आता कुणाला माझा फोन यायचा नाही. वर्ग आपला आपण चालेल."

हुंकार दिला नाही. ठेवला.

शुक्रवार, २२ मार्च

डोंगरामागे दिवा लागला. बरोबर सातला. खाली शाबासकी नाही.

मंगळवार, २६ मार्च

फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण तो रुसलेला असला की पहिल्या फोनला उचलत नाही. सहावीत माझ्याशी सबंध सहामाही बोलला नव्हता. राग निवळू दे.

ओळ येतेच आहे.

शनिवार, ३० मार्च

इतकी शांतता मी मागितली होती का? आज फोन हातात घेऊन बसलो, काही वाजेल म्हणून. भाजीवाल्यांनीसुद्धा नाद सोडला. चौथीचं पुस्तक उघडलं तर डोळ्यांपुढे कविता नाही, वर्ग आला. सगळे आपापल्या जागी, तोंडं हलताहेत, आणि कोणाचं कुणाकडे लक्ष नाही.

मंगळवार, २ एप्रिल

भोपळा फोन उचलत नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. ओळ मात्र आली — वाटेवरती धूर जागला. ती बघून आधी हायसं वाटलं. मग आठवलं. ती ओळ मीच लावून दिलेली आहे. ती यायचीच.

उद्या उठलो की जातो. आजच निघालो असतो, पण शेवटची बस गेली.

बुधवार, ३ एप्रिल

दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. शेजारच्या बाई डोकावून म्हणाल्या, "कालपासून दिसले नाहीत हो." मी जिन्याच्या पायरीवरच बसलो.

आतून कडी सरकली. भोपळा! बनियनवर, एका डोळ्यावर पट्टी.

"कोण मेलं?" म्हणाला.

"तू."

"मी? मी डोळ्याच्या ऑपरेशनला बहिणीकडे गेलो होतो. रात्री उशिरा आलो."

"फोन?"

"इथेच राहिला. आणि तूच नाही का त्याचा आवाज काढून टाकलास!"

शिव्या घातल्या मी त्याला. त्याने मला घातल्या. मग दोघांनी चहा केला आणि साखर विसरलो. तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी नव्हतो, आणि ग्रुपवर होतो."

दोघांनी ठरवलं — हे थांबवायचं. पुन्हा हाताने लिहायचं. पण वर्गाची शिस्त. मॉनिटरला सांगितल्याशिवाय कसं बदलणार? भोपळ्याच्याच घरून, त्याच्या फोनवरून, मॉनिटरला फोन लावला. वाजत राहिला.

"अजून रुसलाय," भोपळा म्हणाला.

"तुझा फोन त्याने कधी टाळलाय?"

त्याने पुन्हा लावला.

गुरुवार, ४ एप्रिल

डोंगरामागे दिवा लागला. वेळेवर.

त्यानंतर दिवसभर फोन लावतोय. त्याच्या शेजाऱ्यांचा नंबर कोणाकडेच नाही. आमच्या सगळ्यांच्या शेजाऱ्यांचे नंबर त्याच्याकडे होते. त्याच्यासाठी ते ठेवायचं कोणाला सुचलंच नाही — हजेरी घेणाराच कधी गैरहजर असेल, हे वर्गात कोणाच्या मनात येतं?

उद्या पहिल्या बसने दोघं जातो.

शुक्रवार, ५ एप्रिल

वरच्या मजल्यावर घर, खाली बंद पडलेलं गॅरेज. जिन्यात वास. भोपळ्याने माझं मनगट धरलं, आणि मग ते सोडलंच नाही.

पोलीस आले, दार उघडलं. आम्हाला आत जाऊ दिलं नाही. दारातून दिसलं तेवढं — खुर्ची, खिडकी, आणि खिडकीजवळ चार्जरला लावलेला फोन. डॉक्टर म्हणाले, आठवडा तरी झाला असेल, जास्तच.

त्या खिडकीतून काय दिसतं ते मी दारातूनच बघितलं. समोरची भिंत आणि तिच्यावरून आभाळाची एक पट्टी.

घरी येऊन ग्रुपवर कळवलं. मॉनिटर गेला. एवढंच लिहवलं.

शनिवार, ६ एप्रिल

कालचा निरोप अजून कोणी वाचलेला नाही. त्याच्याखाली आज सातला ओळ आली — डोंगरामागे दिवा लागला. तिच्यामागून भोपळा, वेणी, मग ओळीने सगळे. माझीही आहे. मी तेव्हा झोपलेला होतो.