उरलेल्या कापडाची पिशवी

ता. ३ जुलै १९६७, सोमवार

आज पंजाब आला. पंजाब म्हणजे माझा नातू, पंजाबराव. नववीत गेला. शेतातल्या वस्तीवर पुढची शाळा नाही, म्हणून इथं बीबी गावात माझ्याजवळ. अर्जुन, म्हणजे माझा लेक, वळकटी टाकून उभ्या उभ्याच म्हणाला, माय, दिवाळीपावतर पाहू. करमलं त राहील, नाही त लोणारले मामाच्या घरी नेऊन टाकतो.

लोणारला त्याची दुसरी आजी आहे. अन्नपूर्णाबाई. तिच्या घरी रेडिओ आहे. हे मला तिनं एका लग्नात सांगितलं, दुसऱ्या लग्नात सांगितलं, बारशातही सांगितलं.

मी म्हटलं, करमल काऊन नाही? माझं पोरगं मले सोडून कुठी जात नाही.

प्रौढ वर्गाच्या मास्तरांनी सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहा, नाही तर शिकलेलं विसराल. लिहिताना 'मला' लिहायचं, बोलताना मले म्हटलं तरी चालतं. म्हणून ही वही. निश्चय केला आहे की रोज लिहायचं आणि जनकाबद्दल वाईट लिहायचं नाही.

ता. ४ जुलै

जनकाबद्दल एवढंच लिहिते, मग बंद.

ती समोरच्या घरातली. दोघी एकाच वर्षी सुना होऊन आलो, परकराच्या वयाच्या. तिचं लुगडं ठिगळाठिगळाचं. आणि जात्यावर बसली की ओव्याही तशाच, एक ओळ हिच्याकडून ऐकलेली, एक तिच्याकडून. मी म्हटलं, ही तर गोधडी आहे. सगळ्या पोरी हसल्या. तेव्हापासून ती गोधडीच. तिचा नवरा मरेपर्यंत तिला गोधडी म्हणत होता. मी ठेवलेलं नाव निघत नाही, हे गावात कोणालाही विचारा.

तर तिचा नातू गुलाब. त्याची पँट इतकी आवळ, की पाय आत गेले कसे? तेल लावून घालत असावा. केसांचा पुढं कोंबडा. त्याच्या बापाच्या सायकल दुकानात रेडिओ आहे, तिथं बसून दिवसभर सिलोन ऐकतो. आज संध्याकाळी तीन पोरं घेऊन आमच्या दाराशी आला. पंजाबला म्हणे, काय बे, सिलोन ऐकतो का? या हप्त्यात पयल्या नंबरवर कोनतं गानं हाये सांग.

पंजाब विचार करत होता. बिचारं लाजाळू. मीच चुलीपासून ओरडून सांगितलं, त्याले सिनेमातलं काही येत नाही बाप्पा, पण एकादशीले रातभर टाळ धरतो! पंजाब, दाखव बरं.

तो दाखवेना. मग मीच टाळ आणून त्याच्या हातात दिले.

पोरं इतकी खूश झाली की एक जण तर पोट धरून रस्त्यावरच बसला.

ता. ७ जुलै

शाळेत पंजाबचं नाव पडलं. टाळकुट्या. चार दिवसांत नाव! काही पोरं चार वर्षं शाळेत जातात, मास्तरालासुद्धा ठाऊक नसतात.

शाळेत म्हणे दोन पार्ट्या आहेत. आवळ पँटवाले ते सिलोनवाले, पायजमा-टोपीवाले ते टाळकुटे. मी विचारलं, आपल्या पार्टीत किती जण? म्हणाला, मी एकटाच. बाकीच्याइनं टोप्या काढून टाकल्या.

म्हणजे पुढारीच झाला की.

जेवला नाही. वरणात मीठ जास्त झालं होतं.

ता. १६ जुलै, रविवार

दोन दिवस डोक्यावर टोपी नाही. आज स्वतःहून जवळ आला, माझे पाय चेपायला बसला आणि म्हणाला, आजी, मले नॅरो पँट पाह्यजे.

घे म्हटलं! मागितलं कोणाजवळ? माझ्याजवळ. लोणारवालीजवळ नाही.

पेटीत कापड होतंच. चौकड्याचं, तपकिरी, उजव्या अंगाला मोठाले चौकडे, उलट्या अंगाला नुसतं पांढुरकं. अन्नपूर्णाबाईनं अर्जुनच्या लग्नात आहेर केलेलं. तेव्हा मी म्हटलं होतं, हे काय कापड आहे, आणि पेटीत टाकलं होतं. आता पाहिलं तर तसं बरं आहे. कसर लागलेली नाही. उंदराला नावडलं असेल.

सहदेव शिंप्याकडे गेलो. पंजाबनं त्याला बोट ठेवून ठेवून सांगितलं, इथी आवळ, इथी आवळ, घोट्याजवळ तर एकदम आवळ. सहदेव म्हणे, आजवर पायजमेच शिवले, पण पाहतो.

पंजाब बाहेर गेल्यावर मी हळूच म्हटलं, सहदेव, वाढत्या अंगाचं पोरगं आहे. थोडं सैल धर, बाबा. कंबरेला धर, मांडीला धर, अन् खाली वीतभर दुमडून ठेव. दोन दिवाळ्या निघाल्या पाह्यजे.

सहदेव म्हणे, मंजुळामाय, मंग ते नॅरो कशी राहीन?

म्हटलं, आज ना उद्या अंगाबरोबर होईलच नॅरो.

कापड उरलं. वाया कशाला घालवायचं? त्याची मला बाजाराची पिशवी शिवायला सांगितली. दोन बंदांची, मोठी.

ता. २३ जुलै

पँट आली. सुरेख झाली आहे. आत अजून एक पंजाब मावेल.

घातली आणि आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. बोलला काहीच नाही. आनंदानं माणसाचं असंच होतं. मला लग्नात पहिली पैठणी मिळाली असती तर माझंही झालं असतं.

जनका ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, काय वं मंजुळे, पोराले तंबू शिवला का? मी म्हटलं, गोधडीनं कापडाबद्दल बोलू नये. उठून आत गेली. पन्नास वर्षं झाली, अजून लागू पडतं.

ता. १५ ऑगस्ट

शाळेत झेंडा. आजी-आजोबांनाही बोलावलं होतं. निदान मला येऊ नका असं कोणी सांगितलं नव्हतं. पंजाब म्हणाला होता, तू कायले येतं, ऊन हाये. किती जीव लावतो.

नवी पिशवी घेऊन गेले. त्यात त्याच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू. पोरं ओळीत उभी होती. पंजाबची पँट लांबून ओळखू आली, आणि त्यानंही माझी पिशवी लांबूनच ओळखली असणार, कारण तो दुसऱ्या पोराच्या मागं सरकला. मग मी पिशवी वर धरून हलवली. म्हटलं सापडावी.

गुलाबनं आधी पिशवीकडे पाहिलं, मग पँटीकडे. मग परत पिशवीकडे. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी कुजबुज गेली. झेंडा वर जात असताना सगळी पोरं हसत होती. स्वातंत्र्याचा आनंद आहे, हसू द्या. मास्तरांनी मात्र दोघा-चौघांच्या कानाखाली दिल्या.

टाळकुट्या आता कोणी म्हणत नाही. आता त्याला पिशवी म्हणतात. ए पिशवी, अशी हाक मारतात. म्हणजे माझ्याच हातच्या वस्तूचं नाव पोराला पडलं. लोणारवालीच्या रेडिओचं नाव पडलं का कोणाला?

ता. १९ ऑगस्ट

पँट धुवायला शोधली, सापडली नाही. कडब्याखाली निघाली. वाऱ्यानं गेली असेल.

पंजाबनं पिशवी मागितली, म्हणे जाळून टाकू. चांगली नवी पिशवी! वय असतं एकेकाचं. मी उंच खुंटीला टांगून ठेवली.

निश्चय केला की दोन्ही पार्ट्यांचं आपणच जमवून द्यायचं. पोरांना गोड लागतं ते खायला. बाकी सगळं वरवरचं.

ता. २० ऑगस्ट, रविवार

गुलाबला आणि त्याच्या पोरांना भजे खायला बोलावलं. सगळे आले. किती गुणी पोरगा! मी उगाच नावं ठेवत होते. आजी आजी करत चुलीजवळ येऊन बसला. म्हणे, आजी, तुमचं गानं त ऐकवा. टाळ कसा धरतेत ते दाखवा. पँट कशी शिवून घेतली ते सांगा ना.

मी सगळं सांगितलं. सहदेवला काय म्हटलं, तेसुद्धा. दोन ओव्या म्हटल्या, उठून टाळही वाजवून दाखवला. माझं ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं, खोटं कशाला लिहू. आमचे हे होते तेव्हाही ऐकता ऐकता झोपत.

पंजाब भजे न खाता बाहेर गेला. त्याला कुरकुरीत आवडतात, आज जरा मऊ झाले होते.

ता. १२ सप्टेंबर, मंगळवार

आज लिहायला खूप आहे.

शाळेच्या गणपतीपुढं पोरांचा कार्यक्रम. गुलाबनं माझी नक्कल केली! माझी! लुगडं नेसून, डोक्यावर पदर, हातात तशीच चौकड्याची पिशवी. कुठून आणली कोण जाणे. टाळ वाजवत आला आणि म्हणाला, वाढत्या अंगाचं पोरगं आहे, थोडं सैल धर बाबा! अगदी माझाच आवाज. वाटलं मीच वर गेले की काय. सगळी शाळा उठून टाळ्या वाजवते आहे, मास्तरसुद्धा रुमाल तोंडाला लावून बसलेले. मी सगळ्यांत जास्त हसले. शेजारच्या बाईला सांगितलं, ही मी आहे.

एवढ्या मोठ्या गावात कोणाची नक्कल केली? सरपंचाची नाही, पाटलाची नाही. माझी.

जनका मात्र हसली नाही. तिच्याच नातवानं एवढं नाव काढलं, तर हिचं तोंड उतरलेलं. उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, चाल मंजुळे, घरी चाल. मी कशाला जाऊ?

पंजाब मधूनच उठून गेला होता. पाणी प्यायला गेला असेल.

घरी आल्यावर म्हणाला, आजी, तू आता कोनाशीच बोलू नको. माझ्या घशाची काळजी करतो. खरंच बसला आहे घसा.

ता. १७ सप्टेंबर

खुंटीवर पिशवी तशीच आहे. मग गुलाबच्या हातातली कोणती होती? सहदेवकडे कापड उरलंच नव्हतं.

पुढचा विचार केला नाही.

पँट पाहिली. एक पाय मांडीपासून खाली कात्रीनं सरळ कापलेला. पंजाबला विचारलं नाही. उंदीर असतील.

ता. ३० ऑक्टोबर

अर्जुन दिवाळीसाठी न्यायला आला. पंजाबनं वळकटी कालच बांधून ठेवली होती. मी म्हटलं, दिवाळीपुरतं जायचं, तर वळकटी कायले? अर्जुन खाली पाहत म्हणाला, माय, त्याले लोणारच्या शाळेत टाकतो. त्याची इच्छा हाये.

थोडे दिवस जाईल. अन्नपूर्णाबाईच्या हाताला चव नाही. येईल परत.

पाया पडला. मी म्हटलं, पँट वाढवून देते, एका पायाला दुमड आहे अजून. त्यानं वळकटी उचलली.

ता. २१ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटेच्या एसटीनं लोणारला गेले. न कळवता. पाहून किती खूश होईल म्हटलं. पिशवीत चिवडा आणि मऊ नाही, कुरकुरीत भजे.

शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले. सुट्टी झाली. पंजाब निघाला. पाच-सहा पोरांत, मधोमध. निळी पँट, आवळ. केसांचा कोंबडा. तोंडानं सिनेमाचं गाणं. अन्नपूर्णाबाईनं शिवलेली असणार, आवळच शिवली तिनं. पोरगं कसं दिसतं ते तिला कळलं. बरं दिसत होतं.

मग त्यानं जोरात हाक मारली, ए पिशवी!

मला वाटलं मलाच. पिशवी हातात होतीच. मी हात वर केला.

तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या पुढून एक बारकं पोरगं चाललं होतं. पायजमा, टोपी, काखेत पुस्तकं, बहुतेक खेड्यावरून आलेलं. पंजाब त्याला म्हणाला, काय बे पिशवी, सिलोन ऐकतो का? बाकीचे हसले. त्या पोरानं मान खाली घातली. चालत गेलं माझ्याजवळून. नाक पुसलं त्यानं.

मी त्याच्या मागं मागं स्टँडपर्यंत गेले. पंजाबला हाक मारली नाही. त्या पोराला भजे देत होते, घेईना. पिशवीकडे पाहून जास्तच घाबरलं.

एसटीत पिशवी उलटी केली. उलट्या अंगानं चौकडा दिसत नाही, नुसतं पांढुरकं. आता तशीच वापरीन.

दिवस मावळताना घरी आले. जनका ओट्यावर एकटीच बसली होती. भजे गार झाले होते, पण एकटीला संपणारे नव्हते. मी हाक मारली, जनकाबाई.

तिनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.