नऊ ओळी कुठे गेल्या

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चारशे बारा ओळी आत गेल्या, डेटाबेसमध्ये चारशे तीन. नऊ कुठे गेल्या? आणि वर हिरवी खूण — ‘फाइल यशस्वीपणे भरली’. यशस्वीपणे म्हणे! ती खूण मीच लावलेली, त्यामुळे शिव्या तरी कुणाला घालणार.

एरवी नऊ ओळींसाठी मी डबा थंड होऊ दिला नसता. पण इथे एक ओळ म्हणजे एका माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट. लॅबमधले काका मशीनमधून फाइल काढतात, नजरेखालून घालतात, आमच्या वेबसाइटवर चढवतात. पुढचं काम माझ्या प्रोग्रॅमचं — ती फाइल फोडायची आणि एकेक ओळ डेटाबेसमध्ये बसवायची. आमच्या ताईने दहा तारखेला रक्त दिलं, म्हणजे या फाइलमध्ये ती असणारच. डेटाबेसमध्ये नाही.

महिनाभर नुसती गळून गेलीय ती. जरा कुठे लागलं की काळंनिळं. मीच मागे लागून तिला इथे आणलं. म्हटलं, आपलीच लॅब आहे, रिपोर्ट मीच बघेन. बघतेय! तिच्या नावापुढे ‘अहवाल नाही’.

संध्याकाळी तिचा फोन. आला का गं रिपोर्ट? म्हटलं, उद्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डोकं चालेना. आधी वाटलं तारखांचा घोळ, महिना आणि दिवस उलटे वाचले जात असतील. नाही. मग वाटलं एखाद्या नावात स्वल्पविराम असेल. तेही नाही. खोट्या नावांच्या पाच फाइली करून चढवल्या — सगळ्या शहाण्या बाळासारख्या आत गेल्या!

खरी फाइल बघावी तर ती माझ्याकडे नाही. ओळी भरल्या की वेबसाइट फाइल पुसून टाकते, मागे उरते फक्त ओळींची मोजणी. जागा वाचवा, असं साहेबच म्हणाले होते. आता तेच विचारतात, फाइल ठेवत का नाही? अस्सल फाइल काकांच्या कॉम्प्युटरवर, पासवर्ड काकांच्या डोक्यात, आणि काका बुधवारपासून रजेवर, लेकीकडे. फोन उचलत नाहीत.

ताई: आला का गं? मी: नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ताईकडे जाऊन आले. तिने विचारलं, नेमकं काय बिघडलंय? मग मी फाइल म्हणजे काय, ओळ म्हणजे काय, सगळं पुराण लावलं. एरवी दोन मिनिटांत जांभई देते, आज शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच माझ्या केसांवरून हात फिरवला. भिऊ नकोस, असं मी म्हणायला हवं होतं. ते राहिलंच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काहीही सापडलं नाही. साहेबांशी भांडले. उगाचच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काका आज रुजू झाले. आल्या आल्या फाइल पाठवली आणि मशीनच्या खोलीत गेले, तिथे आत कुणाला येऊ देत नाहीत.

नऊ ओळी मिळाल्या. त्या नऊ ओळींत पांढऱ्या पेशींचा आकडा जिथे हवा, तिथे शब्द आहे — ‘भेटून’. आणि माझा प्रोग्रॅम आकडा दिसला नाही की ओळ टाकून देतो. मुकाट्याने. यादीच्या तळाशी मशीन नुसत्या रेघा छापतं, त्या गाळायला आठ महिन्यांपूर्वी मीच तशी सूचना घातली होती आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

काउंटरवालीला विचारलं, ‘भेटून’ म्हणजे काय? ती खाली बघायला लागली. म्हणाली, आकडा वाईट असला की काका लिहीत नाहीत. त्यांचं म्हणणं, अशी गोष्ट आधी माणसाने सांगायची, मग कॉम्प्युटरने. रुग्णाला बोलावतात, समोर बसवून सांगतात, मग आकडा भरतात. पूर्वी कागदावर ‘भेटून’ लिहिलेलं सगळ्यांना दिसायचं. मला कुणी सांगितलंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

नऊ नावं वाचली. तिसरी ताई.

काका आठवडाभर रजेवर, म्हणजे तिला कुणीच सांगितलेलं नाही. सांगायचं मीच. कसं सांगू? कुठल्या वाक्याने सुरुवात करू? ती माझी वेणी घालून शाळेत सोडायची!

फोन आलाच. आला का गं? मी म्हटलं, अजून नाही. तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा इतकं सरळ खोटं बोलले. ठेवल्यावर खूप रडले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळीच काकांना दारात गाठलं. म्हटलं, ताईला तुम्हीच सांगा, मला जमणार नाही.

काका चष्मा पुसत राहिले. म्हणाले, “अगं, रजेवर जायच्या आदल्या दिवशीच सांगितलंय त्यांना. अकरा तारखेला, या खुर्चीवर बसवून. आकडा इतक्यात भरू नका, असं त्याच म्हणाल्या. धाकटी रोज बघते म्हणाल्या.”

म्हणजे ती रिपोर्ट आला का हे विचारत नव्हती. मला कळलंय का, ते रोज बघत होती.