पाटीवरचा वाघ

३ मार्च, सोमवार

वाघ! रंगाऱ्याने चक्क वाघ लिहिलाय!

बागेच्या फाटकावरची पाटी पुन्हा रंगवायला दिली होती. ‘मोठ्या मालकांचा लाडका बाग’ — एवढीच अक्षरं. पूर्वी ‘तो बाग’ म्हणायचे, भाषा जुन्या वळणाची आहे, हे हवेली बघायला येणाऱ्यांना मी किती वर्षं समजावून सांगतेय. आज बघते तर ‘लाडका वाघ’. जाब विचारला तर म्हणतो, जुना रंग खरवडला तेव्हा खालून हेच निघालं. चोराच्या उलट्या बोंबा.

हे तर कावलेच. म्हणे, “मग मी जन्मभर काय वाघाला पाणी घातलं?”

४ मार्च

व्यवस्थापकांकडे गेले. त्यांचं नाव आम्ही होयबा ठेवलंय. पाटी बदला म्हटलं. हो म्हणाले. मग हळूच म्हणाले, पंधरा तारखेला हवेलीची पाहणी करायला समिती येतेय. हवेली जुनी, तिला हात लावायचा नाही. बाग मात्र मागाहून केलेली ठरली तर सपाट करून तिथे गाड्या उभ्या करायच्या. त्यालाही होयबा हो म्हणून आलेत!

म्हणजे बाग गेली, आणि बागेच्या कोपऱ्यातलं आमचं घरही गेलं. बाग हवेलीइतकीच जुनी आहे याला पुरावा काय? मोठ्या मालकांच्या वेळची ती पाटी. आणि तिच्यावर वाघ!

७ मार्च

लोक वाघ बघायला यायला लागलेत. एका गृहस्थांनी त्याच्या जेवणाची वेळ विचारली. म्हटलं, आमची झाली की त्याची. ते थांबले. दीड तास थांबले.

रंगारी फोन उचलत नाही.

९ मार्च

सासूबाईंनी तोडगा काढला. मोठ्या मालकांची धाकटी लेक अजून आहे, नव्वदीची. बालपण हवेलीतच गेलेलं. बाईसाहेबांनी समितीपुढे येऊन सांगावं, बाग पहिल्यापासून होती. झालं! फोन केला. येते म्हणाल्या. त्यांचा मुलगा मागून नको नको म्हणत होता.

सासूबाई म्हणाल्या, त्यांना आपला तो पळपुटाही आठवत असेल. पळपुटा म्हणजे ह्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ, हवेलीचे पहिले माळी. एक दिवस सगळं टाकून परदेशी निघून गेले. मोठ्या मालकांनी स्वतः घरी येऊन तसं सांगितलं आणि ह्यांच्या आजोबांना त्या जागी घेतलं. तेव्हापासून थोरल्यांचा फोटो आमच्याकडे भिंतीकडे तोंड करून लावलेला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाही तसाच होता. सासूबाई त्याची पाठ झटकतात आणि न चुकता म्हणतात, “एक पत्र धाडलं नाही मेल्याने.” चेहरा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, राग मात्र ताजा.

१४ मार्च

हे दिवसभर कुंपण कातरत बसले. कालच कातरलं होतं. मला स्वयंपाकघरात जाऊन रडू आलं. ह्या माणसाला बागेबाहेर ठेवायचं कुठे?

१५ मार्च

काय लिहू!

समिती आली. अध्यक्षांनी बाईसाहेबांना विचारलं, बाग कधीपासून आहे? त्या काठी टेकत पाटीसमोर गेल्या, वाचलं आणि खूश झाल्या.

“बाग कसली? इथे बाबांचा वाघ होता. चला, एकदाची कुणीतरी पाटी नीट लिहिली.”

होयबा म्हणाले, हो.

हौदापाशी पिंजरा होता म्हणे. वाघ म्हातारा होऊन मेला, तिथेच पुरला, वर फुलझाडं लावली. पुढे कुणीतरी पाटी रंगवताना वाघाचा बाग केला, आणि मी इतकी वर्षं त्याचं व्याकरण शिकवत बसले!

अध्यक्ष म्हणाले, म्हणजे बाग मागाहूनची, सपाट करायला हरकत नाही. तर बाईसाहेबांनी काठीच उगारली. “माझ्या वाघाच्या छातीवर गाडी उभी करून बघा.” शेवटी ठरलं — मूळ समाधी आहे, ढेकूळसुद्धा हलवायचं नाही.

बाग वाचली! वाघाने वाचवली! हे वेड्यासारखे हसत होते. मग रंगाऱ्याची माफी मागायला फोन केला. त्याने उचलला नाही.

निघताना गाडीत बसल्यावर बाईसाहेबांनी ह्यांना विचारलं, तू पहिल्या माळ्याचा कोण? ह्यांनी नातं सांगितलं, आणि ते परदेशी गेले तेही सांगितलं. बाईसाहेब म्हणाल्या, “बाबांनी तुमच्या घरी असं सांगितलं होय? अरे, त्या दिवशी पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं होतं.”

मुलाने घाईघाईने काच वर केली.

१६ मार्च

सकाळी सासूबाईंनी फोटो सुलटा केला. काच हातानेच पुसली. नाक अगदी ह्यांचंच. बराच वेळ बघत बसल्या.

मग म्हणाल्या, “मेल्याने पत्र तरी कसं धाडावं.”