मंडईच्या दिवशीचं कुलूप

आंधळगाव,
रविवार

आदरणीय मोतीलालदादांना, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा हेमराज याचा वाकून नमस्कार. (जावयाने वाकू नये म्हणतात, पण प्रसंगच तसा आहे.) वहिनींची कंबर कशी आहे? तुमच्या करडी गावाकडे धान कापून झालं का? इकडे सर्व ठीक.

त्या दिवशीचा प्रकार तुम्ही तुमच्या बाजूने पाहिला. माझी बाजू कोणी विचारलीच नाही, म्हणून लिहितो. पंचेचाळिसाव्या वर्षी वरठीच्या कारखान्यातून निवृत्त व्हायचं मी ठरवलं आहे. त्यासाठी सात वर्षं दरमहा आठ हजारांची एसआयपी. (हिशेब सोबतच्या प्रविणने करून दिला. तो स्वतः साठीपर्यंत काम करणार आहे, हे नंतर कळलं.) मग खर्च कापायला घेतला. टीव्हीचा रिचार्ज बंद केला, तर आमची रक्षा शेजारी रुखमिणीकाकूंकडेच राहू लागली. मोटरसायकल सोडून सायकलने ड्यूटीला गेलो, तर तीन दिवसांत गुडघा सुजला आणि पेट्रोलचे वाचलेले पैसे डॉक्टरकडे गेले. शेवटी नजर मंडईवर पडली.

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडईची जत्रा भरते, तिला दरवर्षी तुम्ही सहा जण येता. दोन दिवस मटण, वडे, नाटकाची तिकिटं, निघताना वहिनींना साडी. (तक्रार नाही, नुसती यादी आहे.) येऊ नका म्हणायची माझी छाती नाही. म्हणून तुम्हाला फोन केला की स्वातीला ताप आहे, आणि स्वातीला सांगितलं की दादांना यंदा जमत नाही. तिने मंडईसाठी काढलेली मोठी पातेली परत माळ्यावर ठेवली. तिकडे मी लक्ष दिलं नाही. मंडईच्या दिवशी घराला कुलूप लावून, डबा घेऊन तिघं आंबागडला गेलो. खर्च एकशे चाळीस रुपये.

चूक एकच झाली. मंडईला सहा येणारे बहिणीच्या आजारपणाला चौदा येतात, हे प्रविणच्या हिशेबात नव्हतं. तुम्ही टेम्पो करून मोसंबी घेऊन आलात. कुलूप पाहून, तिला दवाखान्यात नेलं असेल म्हणून भंडाऱ्याला निघालात, तर रुखमिणीकाकूंनी अडवून चौदा जणांना जेवू घातलं. आणि संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा तुमची आजारी बहीण नवी साडी नेसून पेरू खात होती.

काकू एवढंच म्हणाल्या, "मंडईच्या दिवशी घराले कुलूप? असं कुठी रायते का बाबू?" स्वातीने मात्र रक्षाला घेऊन तुमच्या टेम्पोत चढता चढता ऐकवलं, "दादा येत नाई म्हून मी रडून राहिली होती, अन् तुमी पैसे मोजून राहिले होते. तुमाले रिटायर व्हाचं हाय ना? व्हा मंग."

याला नऊ दिवस झाले. कळवण्यास आनंद वाटतो की घरखर्च निम्म्यावर आला असून योजना उत्तम चालली आहे. घरातल्या थोरांना नमस्कार.

आपला,
हेमराज

ता.क. शिल्लक रजा होती, ती चार दिवस घेतली. पंचेचाळिशीनंतर जे करायचं होतं तेच करून पाहिलं. ओसरीवर खुर्ची टाकून बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारीच उठून कारखान्यात जावंसं वाटलं. मी जेव्हा जेव्हा निवृत्तीचा विचार केला, तेव्हा शेजारच्या खुर्चीत ती होतीच. दादा, मला करमत नाही.

आणखी एक. या महिन्याचे आठ हजार भरले नाहीत. येत्या शनिवारचं मटण सांगून ठेवलं आहे आणि मोहाडीच्या नाटकाची सतरा तिकिटं काढली आहेत. तुम्ही चौदाही जण या, मायलेकींना घेऊन या. ती नाहीच म्हणाली, तर मला ताप आहे म्हणून सांगा.