क्विन्सच्या वड्यांना रंग चढेना

प्रिय यूनाताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे मर्विनचा, नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि पत्राला उत्तर न देणाऱ्या माणसाला तू काय म्हणतेस ते मला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून आज बसलोच. तुझी छाती आता कशी आहे? खोकला खरंच गेला, की नुसता दबा धरून बसलाय? रोझलिनला आणि जावईबापूंना माझे आशीर्वाद सांग. गेल्या हिवाळ्यानंतर लेकीने तुला तिकडे ब्रिस्बेनला नेलं ते तुझ्या जिवासाठीच नेलं, असं मी गावात सगळ्यांना सांगतो. (कुणी विचारत नाही, तरी सांगतो.) माझी प्रकृती ठणठणीत आहे. कंबर, उजवा गुडघा आणि डावा कान सोडला तर तक्रारीला जागा नाही.

तिकडची हवा कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तिकडे हवा एकच असते. ज्या गावात एप्रिलच्या ऐन पानगळीतही माणसं उघड्या मांड्यांनी चर्चला जातात (रोझलिनने पाठवलेल्या फोटोत जावईबापू तसेच उभे आहेत, फोटो मी मांडणीवर ठेवलाय, पण पालथा), तिथे उन्हाळा सरला हे माणसाला कळणार कसं? इथे कसं, सगळं रीतसर होतं. सकाळी ह्यूऑन नदीवर धुकं बसायला लागलं, सफरचंदांच्या पेट्या बागांमधून हलल्या, मागच्या दारच्या पॉप्लरची पानं पिवळी झाली, आणि एका सकाळी चुलीत लाकूड घालावंसं वाटलं. माणसाने असंच राहावं. मी जन्मात टास्मानिया सोडून समुद्रापलीकडे गेलो नाही आणि जाणारही नाही. आंब्याच्या झाडाखाली घाम पुसत बसण्यापेक्षा आपल्या चुलीपुढे कुडकुडलेलं बरं. हे मी तुला टोचून बोलत नाही. तुझा नाइलाज आहे.

तर तू लिहिलंस की, आता परत यायचं नाही हे ठरलं, तेव्हा माझे लोकरीचे कपडे चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाक, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. मी आज्ञाधारक भाऊ. खोकं भरलं, वर तुझा तो बटणांचा हिरवा स्वेटर घडी करून ठेवला आणि नेऊन दिलं. दुकानात नेहमीप्रमाणे डल्सी होती. तिने खोकं ओढून घेतलं, तुझी चौकशी केली, मी 'ठीक आहे' म्हणालो आणि पाव आणायला गेलो. पाव घेऊन परत येतो तो काय, डल्सीने तेवढ्यात काचेतल्या पुतळ्याला तुझा स्वेटर चढवलेला. त्या पुतळ्याला डोकं नाही, हे तुला माहीतच आहे. ताई, बाही तुझीच, कोपरावरचं रफू तुझंच, खिसा तुझ्या रुमालाने ओघळलेला तोही तुझाच, आणि वर मान संपली की काही नाही. मला ते बघवेना. मी पाव बगलेत धरून तिथेच उभा राहिलो. लोक मला वळसा घालून जात होते.

शेवटी आत गेलो आणि तो स्वेटर मागितला. डल्सी म्हणाली, "बायकांचा स्वेटर तुला कशाला रे?"

मला दुसरं काही सुचेना. म्हणालो, "कुत्र्यासाठी."

"मर्व, तुझा कुत्रा मरून किती वर्षं झाली!"

"मग त्याला थंडी वाजतच असेल."

डल्सी शाळेपासून आपल्याला ओळखते. तिने स्वेटर कागदात गुंडाळून दिला. बाकीचं खोकं मात्र तिथेच आहे, तेव्हा तुझी आज्ञा मी बव्हंशी पाळली असं धरून चाल. (त्यातली तुझी राखाडी शाल आता पोस्टमास्तरीणबाईंच्या खांद्यावर असते. त्यांना शोभत नाही.)

आता मुख्य हकिकत. चर्चच्या हॉलमध्ये सुगीचा मेळा भरला. आपली आई गेल्यापासून त्या मेळ्यात गोडाच्या टेबलावर क्विन्सच्या वड्या कुणाच्या, तर आपल्या टेंपल घराण्याच्या, म्हणजे तुझ्या, आणि पहिल्या बक्षिसाची निळी फीतही तुझीच, हे गावाने गृहीत धरलेलं. यंदा ती जागा रिकामी राहणार आणि डल्सी तिथे तिची भोपळ्याची बिस्किटं मांडणार, हे मला सहन होईना. मागच्या दारचं क्विन्सचं झाड यंदा वाकलंय इतकं लागलंय. वड्यांत आहे काय, असं मी मनाशी म्हणालो. इतकी वर्षं चुलीपुढे बसून तुला वड्या करताना बघितलंय. फक्त बघत होतो तुझ्याकडे की वर्तमानपत्राकडे, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही.

पहिलं म्हणजे ते फळ दिसतं पिवळ्या पेरूसारखं, पण दगडासारखं कठीण, कापलं जात नाही. सुरी अर्ध्यात रुतली ती निघेना, शेवटी लाकडं फोडायची कुऱ्हाड घेतली. ओट्यावर एक खाच पडली आहे, तिच्यावर मी बरणी ठेवली आहे. मग फोडी शिजवल्या, गाळल्या, साखर घातली आणि ढवळत बसलो. ते रटरटायला लागलं आणि त्याचे शिंतोडे उडून मनगटावर चटके बसले, तेव्हा तू घाम गळत असतानाही लांब बाह्या घालून का ढवळायचीस हे कळलं. मी माझा निळा स्वेटर काढायला गेलो तर त्याला कसर लागलेली. दोन्ही कोपरं गायब, पाठीची चाळण. (लोकरीत लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या तू घालायचीस, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं आपल्या कपाटाचा वासच तसा आहे.) म्हणून नाइलाजाने तुझा हिरवा चढवला. बटणं लागत नाहीत. पडदा ओढून घेतला होता.

पण रंग काही येईना. तुझ्या वड्या कशा, काचेतून ऊन यावं तशा लालबुंद. माझ्या पातेल्यात भरड्या कणकेच्या रंगाचा लगदा. ढवळतोय, वाकून बघतोय, पुन्हा ढवळतोय, पण तो आहे तसाच. वाटलं, साखर चुकली, फळ चुकलं, पातेलं चुकलं. हाताला रग लागली तेव्हा धीर सुटला आणि मी बीट किसून त्याचा रस ओतला. रंग असा झक्क आला की मी स्वतःची पाठ थोपटली. (स्वतःची म्हणून थोपटली, दुसरं कुणी नव्हतं.)

मेळ्यात यंदा नदीपलीकडच्या बार्विकबाई परीक्षक होत्या. त्यांनी माझी वडी तोंडात घातली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग अदबीने म्हणाल्या, "मिस्टर टेंपल, ही वडी मातीत पिकली का?" सगळा हॉल ऐकत होता. डल्सी बिस्किटांकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. बार्विकबाईंनी कुणाचा अपमान केला नाही. माझी बशी उचलली आणि शांतपणे भाज्यांच्या टेबलावर, लोणच्यातल्या बीटाशेजारी नेऊन ठेवली. तिथे मला तिसरं बक्षीस मिळालं. माझी बशी धरून तिथे एकूण वस्तू तीनच होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फीत पिवळी आहे, ती तुझ्या निळ्या फितींच्या ओळीत मी लावलेली नाही.

बाकी सर्व क्षेम आहे. कोंबड्या बऱ्या आहेत. मला इथे एकट्याला काडीचीही अडचण नाही, तेव्हा माझी काळजी करू नकोस. प्रकृतीला जपावे.

तुझा धाकटा भाऊ,
मर्विन

ता. क. मेळ्यानंतर उरलेल्या क्विन्सची मी पुन्हा एकदा खटपट केली. पातेलं चुलीच्या कडेला मंद ठेवलं, म्हटलं होईल ते होवो, आणि तुझ्या खुर्चीत जाऊन बसलो. डोळा लागला. दुपार कलल्यावर उठून बघतो तर लाल! बीट नाही, काही नाही, आपोआप. तेव्हा आठवलं, तू म्हणायचीस, "सारखा वाकून बघू नकोस रे, ते लाजतं." मी मोठ्याने म्हणालो, "यूनाताई, बघ, आला रंग!" आणि मग घरात इतकं शांत झालं की मला चुलीतल्या लाकडाचा आवाज ऐकू आला, तोही डाव्या कानाने. वर लिहिलेलं 'काडीचीही अडचण नाही' हे वाक्य खोडायचं होतं, पण शाईने लिहिलंय.

ता. क. २. तुला परत बोलवावं म्हणून मी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. म्हटलं, निदान पानगळीपुरतं, थंडी पडायच्या आत परत पाठवतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मर्विन, ती इथल्या धुक्यात पुन्हा आली, तर तिला परत पाठवायची वेळ यायचीच नाही." म्हणून बोलावत नाही.

ता. क. ३. रोझलिनकडे मागच्या खोलीत एक खाट आहे असं तू एकदा लिहिलं होतंस. ती किती लांब आहे? माझे पाय बाहेर येतील का? हिवाळ्यापुरत्या कोंबड्या डल्सी सांभाळते म्हणाली आहे. (मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली.) विमानात वड्या नेऊ देतात का तेही जावईबापूंना विचार. त्यांच्या मांड्यांबद्दल लिहिलेलं त्यांना वाचून दाखवू नकोस. हिरवा स्वेटर मी अंगावर घालूनच येतोय, म्हणजे सामान वाढणार नाही. तिथे स्वेटर घालायची सोय नाही हे मला कळतं. तू पंखा मोठा करून ठेव.