भिंत अजून वाळायची आहे

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे! नवं कोरं घर. दारांच्या कड्यांवरचं प्लास्टिकसुद्धा मीच सोललं. या वसाहतीत राहायला आलेले आम्ही पहिलेच. आजूबाजूची घरं अजून नुसते सांगाडे आहेत आणि कामगार महिन्याभराने परत येणार आहेत. तोवर शांतताच शांतता, म्हणजे माझं मुद्रितं तपासायचं काम सुरळीत चालेल. नवरा जहाजावर इंजिनियर आहे, तो दीड महिन्याने येईल. तोपर्यंत घरात मी आणि सासरे, दोघंच.

अप्पा निवृत्त हेडमास्तर. काठी टेकत टेकत त्यांनी सगळ्या खोल्यांची तपासणी केली, एका नळाला आणि दोन बटणांना नापास केलं आणि मागची खोली स्वतःसाठी पटकावली. त्यांचा खोकला प्रवासात फार वाढला होता. जुनाच दमा आहे. इथल्या मोकळ्या हवेत बरं वाटेल त्यांना.

घरभर रंगाचा आणि ओल्या सिमेंटचा वास आहे. मला आवडतो.

५ फेब्रुवारी

पुस्तकं लावून झाली. अप्पांच्या पलंगामागे, कोपऱ्यात, बशीएवढा काळपट डाग दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर बारीक बारीक ठिपके. बुरशी! अजून भिंतीत एक खिळा ठोकला नाही आणि ही बया हजर. साबणाच्या पाण्याने घासलं, वरून व्हिनेगर फिरवलं, फडकं बाहेर फेकून दिलं. भिंत पुन्हा पांढरी. अप्पा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, बिचाऱ्या लेखकांच्या चुकाही तू अशाच त्वेषाने खोडतेस का?

९ फेब्रुवारी

डाग परत आला, आता चांगला ताटाएवढा. कपाटातल्या चपलांवर हिरवट लव आहे. मुद्रितांचे कागद मऊ पडलेत, लाल शाई त्यांच्यावर फुटते. ठेकेदाराला फोन केला तर तो हसला. वहिनी, भिंत अजून वाळायची आहे, म्हणाला. नवं घर वर्षभर पाणी टाकतं म्हणे. खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलं.

ठेवल्या असत्या, पण अप्पांच्या खोलीतली खिडकी उघडेचना. लाकूड फुगलंय. बाहेर मात्र असं खडखडीत ऊन आहे की दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक होतात.

१२ फेब्रुवारी

शेवटी मीच एक रंगारी शोधून आणला. वयस्कर माणूस, मोजकं बोलणारा. त्याने पलंग ओढला, खरवडणीने भिंत खरवडायला घेतली. रंगाचे पोपडे निघाले, मग गिलावा निघाला, आणि गिलाव्याच्या मागेही काळंच. ओलं, मऊ. खरवडणी त्यात लोण्यात जावी तशी जात होती. मध्येच तो थांबला, भिंतीला तळवा लावला आणि मला म्हणाला, तुम्ही लावून बघा.

भिंत कोमट होती.

तो म्हणाला, “ताई, चाळीस वर्षं भिंती रंगवतोय. ओल थंड असते. अशी नसते.”

पुढचं काम करायला तो तयार होईना. साहित्य गोळा केलं. जाताना दारात उभं राहून त्याने विचारलं, तुम्हाला कुठे जायला जागा आहे का? मला राग आला. आम्ही कालपरवा तर आलो, आता कुठे जाणार? जुनं घर विकून हे घेतलंय.

१५ फेब्रुवारी

नवऱ्याचा फोन आला. सगळं सांगितलं. त्याने ठेकेदाराला शिव्या घातल्या आणि मग, मी येईपर्यंत जरा सांभाळून घे, म्हणाला. अप्पांना माझ्या खोलीत हलवते म्हटलं, तर अप्पा ऐकेनात. त्यांना तिथेच बरं वाटतं. आणि खरंच बरं वाटतंय! तीन दिवसांत ते एकदाही खोकले नाहीत. वीस वर्षांचा दमा, फवारा उशाशी तसाच पडून आहे. गालांवर तुकतुकी आलीय. मला आनंद व्हायला हवा.

खोकला आता मला लागलाय.

१७ फेब्रुवारी

औषध आणायला हमरस्त्यापर्यंत चालत गेले. वसाहतीचं फाटक ओलांडलं आणि पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. दुकानात रंगारी भेटला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत जाऊ नका म्हणाला. शहरात माझी बहीण आहे म्हटल्यावर त्याच्या स्कूटरवरून तो मला तिच्याकडे सोडायला तयार झाला. क्षणभर वाटलं, बसावं मागे. पण अप्पा एकटे होते. उद्या डॉक्टरांकडे म्हणून त्यांना बाहेर काढते आणि मग दोघंही बहिणीकडे जाऊ, असं ठरवून परत आले.

दार उघडायला खांद्याने तीन धक्के द्यावे लागले.

१८ फेब्रुवारी

सकाळी अप्पांना आंघोळीला उठवायला गेले. पलंग सोडून ते भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. सदऱ्याच्या कॉलरवर राखाडी भुकटी दिसली. पुसायला गेले तर ती कॉलरवर नव्हतीच, मानेवर होती. ओल्या कपड्याने पुसली, निघाली नाही. नखाने हलकेच खरवडली, तर अप्पा ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, असू दे गं, कोमट वाटतं.

आज डॉक्टरांकडे जायचंच असं मी ठामपणे सांगितलं. कधी नव्हे ते लहान मुलासारखे मान हलवून हो म्हणाले.

पुढचं दार उघडलं नाही. मागचंही नाही.

१९ फेब्रुवारी

दोन्ही दारं चौकटीत घट्ट. खिडक्यांना लोखंडी गज आहेत, चोरांसाठी आपणच हौसेने बसवून घेतलेले. सुताराला फोन लावला, उद्या सकाळी रंधा घेऊन येतो म्हणाला. नवऱ्यालाही फोन केला. या वेळी सांभाळून घे म्हणाला नाही. रजा काढून निघतो म्हणाला. बोलता बोलता फोनमधला त्याचा आवाज घोगरा होत गेला. फोनच्या काचेआड आतून बाष्प धरलंय.

२० फेब्रुवारी

फोन बंद पडला. सुताराची वाट बघत होते. अकराच्या सुमाराला मी न्हाणीघरात खोकत होते, नळ सोडलेला होता. बाहेर आले तर अप्पा पुढच्या खोलीतल्या खिडकीशी उभे होते. काठीशिवाय! एक हात भिंतीला टेकलेला. सुतार आला होता, पण दार आपोआप सुटलं असं सांगून मी त्याला परत पाठवला, म्हणाले. अगदी नेहमीच्या, हेडमास्तरांच्या स्वच्छ आवाजात.

मी खिडकीशी धावले, गज धरून हाका मारल्या. रस्ता रिकामा होता.

असं का केलंत, मी विचारलं. रडत होते मी. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“सूनबाई, बाहेर गेलो की परत खोकला सुरू. इथे काय कमी आहे आपल्याला?”

२१ फेब्रुवारी

हातोडी घेऊन दारावर घाव घातले. लाकूड फुटत नाही, आत दबतं. वार केला तिथून पाणी पाझरतं. दार आणि चौकट यांच्यामधली फट कुठे होती तेच आता सापडत नाही, सगळं एकसलग काळं. खिडकीची काच फोडली. बाहेरचं ऊन दिसतं, हवा आत येत नाही — का येत नाही?

अप्पा परत भिंतीशी जाऊन बसलेत. जेवत नाहीत. दोन दिवस झाले. भूक नाही म्हणतात, आणि खरंच — बारीक झालेले नाहीत.

२२ फेब्रुवारी

त्यांना उठवायचा प्रयत्न केला. काखेत हात घालून ओढलं. सदरा फाटला आणि पाठ — पाठ सुटली नाही. पाठीबरोबर भिंतही थोडी पुढे आली. त्यांना ओढलं की नाही, भिंत ताणली गेली की ते ओरडायचे.

मी सोडून दिलं. माफी मागितली. कोणाची मागितली, कळत नाही.

२३

दिवसभर टेबलावर चढून बसले. चारी भिंतींपासून लांब. काम करून बघितलं. मुद्रितांवर ठिपके. कुठला अनुस्वार आणि कुठली —

२४

सकाळी उठले. बराच वेळ पडून होते. काहीतरी चुकत होतं. मग लक्षात आलं.

मी खोकत नाहीये.

छाती मोकळी. शांत वाटतंय. मला शांत वाटायला नको आहे.

२५

हाक मारायचा प्रयत्न केला. आवाज फुटत नाही. घशात लव. अप्पा आतून बोलतात माझ्याशी, मजेत आहेत. त्यांना आता फक्त ऐकायचं, दिसत नाहीत ते नीट. भिंत कुठे संपते आणि —

दुपार झाली. रस्त्यावर गाडी थांबली.

तो आला. नवरा. फाटकातून येतोय, खांद्यावर बॅग. हाक मारतोय मला. मी खिडकीत हात हलवला, नको नको असा. तो हसला, त्यानेही हात हलवला.

अप्पांनी आतून उत्तर दिलं — ये रे, उघडंच आहे.

दार उघडंच आहे. त्याने नुसता हात लावला. कडेकडेने ऊन आत —

मला ओरडता येत नाही. ही वहीच त्याच्यासमोर धरते, मोठ्या अक्षरात —

थांब. तिथेच थांब. पाऊल आत टा