रुमालाखालचा हात

नाशिक,
९ फेब्रुवारी १९३४

प्रिय भिमाजी,

दिवाळीपासून तुझ्याकडे फिरकलो नाही, याची आधी माफी मागतो. एकाच गावात राहून मामाने भाच्याला पत्र का लिहावं, असं तुला वाटेल. समोर बोललो तर तू हसून शेठांचा विषय टाळशील आणि मीही टाळू देईन. कागदावर ते जमत नाही.

बहिरूशेठांच्या अडतीवर तुला मीच नेलं. त्या दिवशीच्या डायरीत 'मुलगा मार्गी लागला' असं लिहिलेलं आहे. शेठ गूळ पाहण्याआधी शेतकऱ्याला विचारत, घरात यंदा लग्न आहे का. भाव मग काढत. मी ते तेव्हाच ऐकलं होतं, पण आपुलकी समजलो. पुढे शंका आली तेव्हा ती स्वतःवरच उलटवली. मी पंधरा वर्षं तोच भूगोल शिकवतो आहे आणि तू तीन वर्षांत शेठांच्या उजव्या हाताला बसलास. म्हटलं, हा माझा मत्सर असेल.

पहिल्या सुट्टीत निफाडच्या घरी तू माझ्या उपरण्याखाली हात घालून मला गुपचूप भाव ठरवायची बाजाराची बोटं शिकवलीस, आठवतं? चार बोटं धरली की मणाला चार रुपये, पंजा आवळला की पाच. मी चुकलो की आक्का चुलीपाशी हसायची. भाऊ शिकला, पण हाताने ढ, म्हणायची.

परवा बुधवारी शाळेच्या वसतिगृहासाठी गूळ घ्यायला मी बाजारात आलो. शेठ तक्क्याला टेकून बघत होते. रुमालाखाली तुझा हात होता. तू माझा पंजा आवळलास, मी मान हलवली. मग ढेपांपाशी बसलेल्या बाईकडे वळून तू चारचा भाव सांगितलास. ती बाई तुझी आई होती.

 मला माझ्याच बोटांचा भरवसा वाटेना. आक्काला एवढंच विचारलं, भाव पटला का. ती म्हणाली, "भिमा हाय ना तिथं. मला काय बघायचंय?" दुपारी वसतिगृहाची पावती आली. तिच्यावर पाचचाच भाव होता.

मला बोटं कळतात, हे तुला ठाऊक होतं. म्हणजे मी बोलणार नाही, याचीही तुला खात्री असणार. ही खात्री मी तुला कधी दिली, ते शोधत जुन्या डायऱ्या चाळतो आहे.

तरी वाटलं, शेठांनी तुझ्यावर जबरदस्ती केली असेल. म्हणून काल त्यांच्याकडे गेलो. चिडले नाहीत, पानाचा डबा पुढे केला. म्हणाले, "मास्तर, रुमालाखाली आई नसते. पोराला हे जमतं का, तेच बघत होतो. सोमवारी भागीदारीचा कागद करू. साक्षीदार म्हणून तुमचीच सही."

भिमा, ती सही मी करणार नाही, हे सांगायला हे पत्र. येत्या बुधवारी आक्काच्या उरलेल्या ढेपा येतील. त्याआधी तू तिला सगळं सांगशील, अशी आशा करावी असं फार वाटतं. पण आशा करून गप्प बसणं मला फार सोपं जातं, हे आता कळलं आहे.

तुझाच,
देवराममामा

(त्याच रात्री, डायरीत) उद्या: सकाळच्या गाडीने निफाड. आक्काला बोटं शिकवणे.